मागच्या गोळ्याची गळती

आमच्या ह्यांना डेपोत सगळे 'कान' म्हणायचे. बसच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा हेडमेकॅनिक म्हणून. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि अर्ध्या मिनिटात सांगायचं, "तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह." उघडून बघावं तर तिसऱ्याच सिलिंडरचा व्हॉल्व्ह. आपलंही चुकू शकतं हे त्यामुळे ह्यांना कुणी शिकवलंच नाही. लग्नानंतर मी प्रयत्न करून पाहिला, पण तोवर फार उशीर झाला होता.

निवृत्तीनंतर ऐकायला बस उरल्या नाहीत, म्हणून हे मिक्सर ऐकायचे, पंखा ऐकायचे, माझं शिवणयंत्र ऐकायचे. मी घरी शिवणकाम करते. भर कामात मागून आवाज यायचा, "तुझी बॉबिन घासतेय." घासत असायची हे खरं, पण आपल्या घरात आपलंच यंत्र कुणीतरी चोरून ऐकतंय ही काही बरी गोष्ट नाही. त्यामुळे आमच्या जुन्या गाडीने मागून सूर धरला तेव्हा मी मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला.

पन्नासच्या वर गेलं की मागच्या सीटखालून एक लांब, रडका आवाज यायचा. ह्यांनी मला गाडी चालवायला लावली, स्वतः मागे आडवे झाले आणि सीटला कान लावून निदान केलं. "डिफरन्शियल गेलं."

"म्हणजे काय?"

"इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून मागे येते. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्याच्या पोटातले दाते ती ताकद दोन्ही चाकांना वाटून देतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. ज्याला जेवढं हवं तेवढं देणं, हे त्याचं काम."

"म्हणजे घरातल्या मोठ्या माणसासारखं."

"तसंच. फक्त हा कुरकुरायला लागला की बदलता येतो," हे म्हणाले.

बदलायची घाई होती. पुढच्या पंधरवड्यातल्या रविवारी आम्हाला माझ्या थोरल्या बहिणीकडे जेवायला जायचं होतं. रस्ता घाटाचा. आणि रस्त्यापेक्षा मोठा घाट म्हणजे ह्यांचे साडू. माणूस तसा सज्जन, पण स्वच्छतेच्या बाबतीत नाकावर माशी बसू देणार नाही. त्यांनी नवीन घराच्या पोर्चमध्ये पांढरीशुभ्र फरशी बसवली होती. फोनवर त्यांनी ह्यांना अगदी गोड आवाजात विचारलं होतं, "तुमची गाडी अजून ठिबकते का हो? नाही, म्हणजे ठिबकत असली तर बाहेर रस्त्याला छान जागा आहे."

ह्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "गाडी आतच लागेल. त्यांच्या फरशीच्या बरोबर मध्यावर."

भंगारवाल्याकडे तशाच गाडीचा एक चांगला गोळा मिळाला. हे तो आणून चार दिवस न्हाऊमाखू घालत होते. आधी रॉकेल, मग तारेचा ब्रश, मग पुन्हा रॉकेल. वीस-बावीस वर्षांची मेण झालेली घाण निघाल्यावर खाली राखाडी लोखंड दिसलं तेव्हा ह्यांनी मला हाक मारून दाखवलं. त्यानंतर काळा चकचकीत रंग दिला. एक हात दिला, मन भरेना, दुसरा दिला. बाहेर धूळ बसेल म्हणून तो रंग वाळेपर्यंत गोळा आमच्या जेवणाच्या टेबलावर होता. तीन दिवस आम्ही त्याच्या दोन बाजूंना बसून जेवलो. मला ह्यांचा चेहरा दिसायचा नाही, नुसता आवाज यायचा, "भाजी वाढ." कुणी पाहुणा आला असता तर त्याला वाटलं असतं, गोळाच बोलतोय.

शनिवारी सकाळी गाडी चार भक्कम स्टँडवर चढली. जुना गोळा काढताना ह्यांनी त्यातलं तेल आधी घमेल्यात सोडलं होतं. पण अशा गोळ्याच्या पोटात नेहमी थोडं मागे राहतं. हे खाली आडवे, दोन्ही हात वर, गोळा छातीवर घ्यायच्या बेतात, आणि गोळा कलला. बाजूच्या भोकातून जे काही उरलेलं होतं ते ह्यांच्या उजव्या बाहीत शिरलं आणि काखेपर्यंत गेलं. हात सोडावेत तर गोळा छातीवर पडणार. तेल पोटावर पोचेपर्यंत हे तसेच पडून होते. मला म्हणाले, "काही नाही, जरा ओलं झालंय."

गिअर ऑइलचा वास ज्यांनी घेतलेला नाही त्यांना तो सांगून समजायचा नाही. नासलेलं अंडं आणि जळलेलं रबर यांचा संसार म्हणावा असा वास. हे चारदा न्हाले. शर्ट मी दोनदा धुतला, तिसऱ्यांदा सरळ टाकून दिला. सोमवारी ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईने दारातच विचारलं, "गॅस गळतोय का?"

असो. संध्याकाळपर्यंत नवा गोळा बसला. हे एक चक्कर मारून आले. आवाज गायब. गाडी लोण्यातून चालल्यासारखी. ह्यांनी पोर्चमध्ये गाडीखाली एक पुठ्ठा सरकवला, नुसती खात्री म्हणून, आणि ऐटीत चहा मागितला. चहा पिऊन पाहतात तर पुठ्ठ्यावर तीन थेंब.

"मागचं झाकण," हे म्हणाले. "झाकणाखालच्या गॅसकेटचा लेप वाळू द्यायला हवा होता. माझीच घाई." हे वाक्य मी लक्षात ठेवलं, कारण 'माझी' आणि 'चूक' या अर्थाचे शब्द ह्यांच्या तोंडून इतक्या जवळजवळ मी कधी ऐकले नव्हते.

रविवारी झाकण काढलं, नवं गॅसकेट लावलं, लेप दिला, अख्खा दिवस वाळू दिला. सोमवारी चक्कर. पुठ्ठ्यावर दोन थेंब, पण वेगळ्या जागी. "तेल सोडायच्या बोल्टखालचा वॉशर. जुना होता." तांब्याचा नवा वॉशर आला. मंगळवारी सकाळी चक्कर. झाकण कोरडं, बोल्ट कोरडा, आणि पुढच्या बाजूला, जिथे तो लांब दांडा गोळ्यात शिरतो, तिथे ओल. "पुढचं सील." दुपारपर्यंत नवीन सील. संध्याकाळी परत त्याच जागी ओल.

आता हे सीलवाल्याकडे गेले. बाजारातल्या कोपऱ्यावर त्याचं कपाटाएवढं दुकान आहे. आत रबराच्या कड्या, बाहेर तो. शांत माणूस. ह्यांनी त्याच्यासमोर सील आपटलं. "माल खराब आहे." त्याने काही न बोलता दुसरं दिलं. बुधवारी सकाळी तेही पाझरलं, शिवाय डाव्या-उजव्या बाजूची सीलंही ओली झाली. हे पुन्हा गेले. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण हे म्हणाले, "तू मला शिकवू नकोस, तुझ्या वयाएवढे गोळे बसवलेत मी." त्याने बाजूची दोन आणि पुढचं एक अशी तीन सीलं कागदात बांधून दिली आणि तोंडाला कुलूप लावलं. गुरुवारी दुपारी पुठ्ठ्याकडे पाहवत नव्हतं.

माझ्या खडूने हे पुठ्ठ्यावर प्रत्येक थेंबाभोवती गोल काढून वार लिहीत होते. पोर्च म्हणजे गुन्हा घडल्याची जागा वाटायला लागली होती. गुरुवारी मी पाहिलं, हे गाडीखाली आडवे आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावलेली, टोक गोळ्यावर.

"काय ऐकताय?"

ह्यांनी टोक गोळ्यावर दुसरीकडे टेकवलं. मग म्हणाले, "गळतीला आवाज नसतो गं."

मला पहिल्यांदाच ह्यांची दया आली. एकतीस वर्षं ज्या कानावर जगले, तो इथे काही उपयोगाचा नव्हता. आणि रविवार तीन दिवसांवर आला होता.

आता ह्यांच्या धाकट्या भावाबद्दल सांगायला हवं. माझे दीर प्लंबर आहेत. नळ, पाइप, टाक्या, आयुष्यभर गळतीच. पण दोन वर्षं ते आमच्या घरी आले नव्हते, आणि त्यात चूक पूर्णपणे ह्यांची होती.

झालं असं. भाऊजींनी एका चार मजली इमारतीत गरम पाण्याची लाइन टाकली होती. काम झाल्यावर महिनाभराने चौथ्या मजल्यावरचा एक जोड फुटला आणि गरम पाणी तीन मजले खाली उतरलं. वर्तमानपत्रात बातमी आली, 'चौथ्या मजल्यावरून धबधबा'. प्लंबरचं नाव नव्हतं, पण ह्यांना ठाऊक होतं. ह्यांनी ती बातमी कापून डेपोच्या फलकावर लावली आणि खाली लाल पेनने लिहिलं, 'कामगिरी आमच्या धाकट्या बंधूंची'. थट्टाच होती. दोन दिवस सगळा डेपो हसला. तिसऱ्या दिवशी ह्यांचा निरोपसमारंभ होता, त्याला भाऊजी आले, नवा सदरा घालून, दादासाठी भेटवस्तू घेऊन. फलक दारातच होता. त्यांनी तो वाचला, पुडकं खुर्चीवर ठेवलं आणि ह्यांचं भाषण सुरू व्हायच्या आत निघून गेले. त्यानंतर बोलणं बंद.

अर्थात, बंद म्हणजे पुरुषांचं. मी आणि जाऊबाई रोज दुपारी फोनवर असतोच. दोघांनाही आम्ही कधी ताकास तूर लागू दिली नाही.

गुरुवारी मी फोनवर म्हटलं, "अगं, भाऊजींना पाठव."

"कसं पाठवू, ताई? दादांचं नाव काढलं की हे पाइप कापायला बसतात."

"दादांचं नाव काढूच नकोस. सांग, वहिनींच्या घरी गळती आहे, कुठून होतेय ते सापडत नाही, जमीन खराब होतेय. यात खोटं एक अक्षर नाही."

"आणि तिथे आल्यावर?"

"पुढचं माझ्याकडे."

शुक्रवारी सकाळी दहाला भाऊजी आले. खांद्याला हत्यारांची पिशवी, चेहरा कामावर आल्यासारखा. मला बघून मान हलवली. "वहिनी, कुठे आहे गळती? न्हाणीघरात?"

मी पोर्चकडे बोट दाखवलं. गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. ती पावलं भाऊजींनी लहानपणापासून पाहिलेली. ते जागच्या जागी थांबले.

"वहिनी, मी पाण्याचं काम करतो."

पाय हलायचे थांबले. गाडीखालून आवाज आला, "अगं, कोण आलंय?"

"गळती बघायला माणूस आलाय," मी म्हटलं.

भाऊजींनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग गाडीखालून आवाज, "त्याला सांग, हे पाण्याचं काम नाही."

"त्यांना सांगा, ते मी आत्ताच सांगितलं," भाऊजी म्हणाले.

"सांगितलं म्हणताहेत," मी गाडीला सांगितलं.

"ऐकू आलं मला."

भाऊजी वळलेच होते. पण माणसाचा धंदा त्याच्या अंगात असतो. जाता जाता त्यांचं लक्ष पुठ्ठ्याकडे गेलं. खडूचे गोल, त्यात वार. ते खाली बसले आणि वाचायला लागले, एखादं पत्र वाचावं तसे. "वहिनी, त्यांना विचारा, एका जागेची बंद केली की दुसऱ्या जागेची सुरू होते का?"

मी विचारायच्या आत उत्तर आलं, "हो."

"विचारा, गाडी नुसती उभी असताना गळते, की चालवून आणल्यावर?"

 ते मला ठाऊक होतं, म्हणून मीच म्हटलं, "चालवून आणल्यावर. रात्रभर उभी राहिली तर सकाळी एकही थेंब नसतो. मी रोज पोर्च झाडते."

"हे मला का नाही सांगितलंस?" गाडी म्हणाली.

"तुम्ही विचारलं नाहीत."

भाऊजी उठले. पिशवी खाली ठेवली. म्हणजे राहणार. "त्यांना सांगा, गाडी खाली उतरवा. अर्धा तास चालवून गरम करू. गरम झाल्याशिवाय कळायचं नाही."

ती चक्कर मी जन्मात विसरणार नाही. हे गाडी चालवतायत, भाऊजी शेजारी, मी मागे मधोमध. दोघं समोर बघतायत आणि बोलतायत माझ्याशी.

"वहिनी, सांगा, जरा चढावरून घ्या."

"अगं, सांग त्याला, चढाकडेच चाललोय."

"वहिनी, पुढे खड्डा आहे."

"अगं, मला दिसतोय."

दिसत नव्हता. आमची तिघांची डोकी छताला आपटली. मग मी म्हटलं, "हे बघा, मी आता घरी पोचेपर्यंत कुणाचाही निरोप घेणार नाही. ज्याला खड्डा दिसेल त्याने ज्याला सांगायचं त्याला सांगा." उरलेली वीस मिनिटं कुणीच बोललं नाही, आणि आम्ही आणखी तीन खड्ड्यांतून गेलो.

परत आल्यावर गाडी पुन्हा स्टँडवर घेतली. दोघं दोन बाजूंनी खाली शिरले. मी पायरीवर बसले, हातात कुणाच्यातरी परकराची शिलाई, कान गाडीकडे. भाऊजींनी पाना मागितला. "तेल भरायचा हा बोल्ट ना? थोडा सैल करतो."

"तोंड बाजूला घे," हे म्हणाले. इतकं थेट बोलणं दोन वर्षांत पहिल्यांदा. पण भाऊजींना सवय पाण्याच्या बोल्टांची. त्यांनी तोंड बाजूला घेतलं नाही.

फुस्स करून आवाज आला. शिटी म्हणावी इतका लांब. त्याच्यामागून तेलाची चूळ उडाली ती भाऊजींच्या गालावर, कानात आणि सदऱ्याच्या गळ्यात. वास पायरीपर्यंत आला.

मी धावले. दोघंही निपचित पडले होते. भाऊजींनी गाल पुसला नाही की काही नाही. अगदी सावकाश म्हणाले, "आत हवा कोंडलीये. दाब आहे. म्हणून जिथे जागा मिळेल तिथून तेल ढकलतेय. तुमची सीलं चांगलीच आहेत. हवा जायची वाट कुठेय?"

"वर," हे म्हणाले. "ब्रीदर असतो. गोळ्याच्या डोक्यावर छोटी टोपी. गोळा गरम झाला की आतली हवा फुगते, ती तिथून जाते."

"असते, की होती?"

हात वर सरकवल्याचा आवाज. गोळा बसवल्यावर डोक्याचा भाग दिसत नाही, चाचपावं लागतं. "टोपी आहे," भाऊजी म्हणाले. "हलत नाही."

"हलायला हवी. सैल असते ती."

"नाही हलत. गुळगुळीत आहे. वरून काहीतरी थापलंय. नख लावलं की पापुद्रा निघतोय." हात खाली आला. नखात काळा, चकचकीत तुकडा होता.

तुकडा दोघांच्या मधोमध हवेत होता आणि दोघं त्याच्याकडे बघत होते. मी तिथेच जमिनीवर बसले, कारण मला हसू आवरेना आणि हसायची वेळ नव्हती. ह्यांनी रंगाचे दोन हात दिले होते. टेबलाशी बसून, जीभ दाताखाली धरून, कोपरान् कोपरा.

  भाऊजींना तेव्हा बोलायला मोकळं रान होतं. डेपोचा फलक, लाल पेन, सगळं व्याजासकट परत करायची हीच वेळ. मी वाट पाहत होते. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, जाडातली एक सुई द्या."

गोधडीची सुई दिली. बराच वेळ खरवडल्याचा आवाज येत होता. मग टोपी टकटक हलली.

"त्या चौथ्या मजल्यावर," भाऊजी एकदम म्हणाले, "माझा जोड नव्हता चुकला, दादा."

ते मला सांगत नव्हते. मी शिवण खाली ठेवली.

"गरम पाण्याच्या टाकीवरून एक नळी गच्चीवर काढतात. उघडी. पाणी तापलं की वाफ, दाब, सगळं तिथून जातं. मी काढली होती. इमारतीच्या मालकाने गच्ची रंगवायला काढली आणि नळी बरी दिसत नाही म्हणून सिमेंटने तिचं तोंड बुजवलं. महिन्याने जोड फुटला. मी गच्चीवर नेऊन दाखवलं त्याला. तो म्हणाला, पेपरात आलंय ते खरं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?"

माझं मघाचंच उत्तर. मी तोंडावर पदर धरला.

गाडीखाली टोपी पुन्हा एकदा टकटकली. मग ह्यांचा आवाज आला, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत. "तो कागद मी समारंभ संपल्यावर लगेच काढला."

"सगळ्यांनी वाचून झाल्यावर."

"हो." मग म्हणाले, "चुकलं माझं. लावायलाच नको होता."

भाऊजी म्हणाले, "तेल भरून घे. माझ्या तोंडावर उडालं तेवढं कमी झालंय." आणि मग, "किती भरायचं?"

"भोकाच्या काठापर्यंत. गाडी सपाट हवी. बाहेर वाहायला लागलं की थांबायचं."

"म्हणजे टाकीसारखंच."

"टाकीसारखंच," हे म्हणाले. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी आपल्या गोळ्याची तुलना कुणाच्या पाण्याच्या टाकीशी होऊ दिली नसती.

दुपारी पुन्हा चक्कर झाली, यावेळी मला न घेता. पुठ्ठा उलटा करून कोरी बाजू वर ठेवली होती. संध्याकाळपर्यंत तो कोराच राहिला. जाऊबाई पाच वाजता 'सहज' म्हणून आली. नवऱ्याच्या जवळ गेली आणि दोन पावलं मागे सरकली. "काय हो हा वास?" मी तिला सांगितलं, चार आंघोळी, आणि सदऱ्याची आशा सोड.

शनिवारी हे मला म्हणाले, "सीलवाल्याकडे तू जाशील का?"

"का? मी आपटली होती का सीलं?"

दोघं भाऊ गेले. मी भाजीच्या निमित्ताने मागे मागे गेले, कारण असं दृश्य रोज बघायला मिळत नाही. ह्यांनी दुकानासमोर उभं राहून सगळं सांगितलं, रंगासकट. माल चांगला होता हेही सांगितलं. सीलवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला दुसऱ्याच दिवशी वाटलं होतं, काका. ब्रीदर बुजला असेल."

"मग बोलला का नाहीस?"

"तेच बोलत होतो. तुम्ही किती गोळे बसवलेत ते सांगायला लागलात."

भाऊजी इतके हसले की त्यांना शेजारच्या दुकानाच्या पायरीवर बसावं लागलं. हेही हसले. जरा उशिरा, पण हसले.

रविवारी आम्ही चौघं निघालो. बहिणीला फोन करून कळवलं होतं की दोन माणसं वाढली. घाट चढताना भाऊजी दर दहा मिनिटांनी नाक वर करून वास घेत होते. सदरा नवा होता पण वास कानातून येत होता, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

साडूंनी पोर्चमध्ये पांढऱ्या फरशीवर आधीच प्लॅस्टिक अंथरून ठेवलं होतं, चार पदरी, कोपऱ्यांवर विटा. ह्यांनी गाडी दारात थांबवली, खाली उतरले, प्लॅस्टिक गोळा करून नीट घडी घातली आणि साडूंच्या हातात दिली. "लागणार नाही." मग गाडी आत घेतली, अगदी मध्यावर.

जेवण सुरू झालं तरी साडूंचं चित्त ताटात नव्हतं. हात धुवायच्या निमित्ताने एकदा गेले, खिडकी लावायच्या निमित्ताने एकदा, आणि तिसऱ्यांदा तर निमित्तही न सांगता टॉर्च घेऊन गेले. परत आले ते थोडे हिरमुसलेले. "कोरडी आहे हो," ते म्हणाले. "कशी काय थांबवलीत?"

ह्यांनी घास खाली ठेवला. "मी नाही थांबवली. मी आठ दिवस झक मारली. ह्याने एका सुईने थांबवली, माझ्या धाकट्याने." आणि मग ह्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. टेबलावरचा रंग सांगितला, सीलवाला सांगितला. चौथ्या मजल्याची गोष्टही सांगितली, गच्चीवरच्या नळीसकट, ती दोनदा सांगितली. भाऊजी खाली मान घालून जेवत होते. त्यांनी भात तीनदा घेतला. एरवी एकदाच घेतात. साडूंनी विचारलं, "आमच्या गच्चीवर अशी नळी आहे का हो?" आणि जेवण अर्धवट टाकून भाऊजी आणि साडू गच्चीवर गेले. नळी होती. तिच्यावर साडूंनी धूळ जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली होती, रबर लावून. ती त्याच दिवशी काढली.

परतीच्या वाटेवर घाटाच्या माथ्यावर गाडी थांबली. थांबायचं काहीच कारण नव्हतं. हे म्हणाले, "एकदा बघून घेऊ." भाऊजी म्हणाले, "घेऊच." दोघं चांगल्या कपड्यांत रस्त्याकडेला आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. मी आणि जाऊबाई कठड्यावर बसलो. बहिणीने दिलेला डबा उघडला.

पंधरा मिनिटं झाली. खालून बोलणं ऐकू येत होतं, पण गळतीचं नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या सायकलचं काहीतरी होतं, कुणी कुणाला पुढे बसू दिलं नाही असं. मधेच दोघंही हसले. जाऊबाईने हाक मारली, "निघायचं का?" कुणी ओ दिली नाही.

एक मोटार येऊन थांबली. आतल्या गृहस्थांनी चार पाय बघितले, काच खाली केली. "काही मदत हवी का? बिघाड झालाय का?"

"नाही, गाडी छान आहे," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा पायांकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग आमच्या डब्याकडे. मान हलवली आणि गेले. ऊन उतरायला लागलं होतं. जाऊबाई म्हणाली, "ताई, शेवटचा लाडू कोण खाणार?" आम्ही तो अर्धा अर्धा केला, आणि त्या दोघांना त्यातलं काही सांगितलं नाही.